पदवीवरची सही कोणाच्या अधिकारात?

बारावीचा निकाल लागला की फोंड्यातल्या आमच्या ओसरीवर संध्याकाळची वर्दळ वाढते. एका महाविद्यालयाच्या कार्यालयात प्रवेश आणि दाखल्यांचं टेबल मी वर्षानुवर्षं सांभाळलं, आणि निवृत्त झालो तरी लोक ते विसरलेले नाहीत. परवा शेजारचे गृहस्थ लेकीला घेऊन आले. तिच्या हातात राज्याबाहेरच्या एका खाजगी विद्यापीठाचं माहितीपत्रक होतं. वडिलांच्या मोबाईलवर मेघालयातल्या एका विद्यापीठाची बातमी होती: सरकारनं विद्यापीठच विसर्जित केलं आणि सर्वोच्च न्यायालयानं ते योग्य ठरवलं.

"भाऊ, पदवी दिली विद्यापीठानं. मग ती चालणार नाही म्हणणारं सरकार कोण?"

प्रश्न रास्त आहे. दोन वाक्यांत उत्तर द्यायला गेलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी ज्या गोष्टी गृहीत धरतो त्या पालकांना कधी कोणी सांगितलेल्याच नाहीत. म्हणून जरा मुळापासून.

मुखत्यारपत्राची गोष्ट

समजा तुमचे काका दुबईला आहेत आणि म्हापशातलं त्यांचं घर विकायचं आहे. त्यांनी तुमच्या नावे मुखत्यारपत्र करून दिलं असेल, तर विक्रीखतावर तुमची सही चालते. पण मुखत्यारपत्रच कच्चं असेल, किंवा ते दिलंय तुमच्या नावे आणि सही मारलीय तुमच्या मेव्हण्यानं, किंवा ते म्हापशातल्या घरापुरतं असताना तुम्ही शिवोलीची बागही विकून टाकली असेल, तर? शिक्के कितीही मारा, खरेदीदार अडचणीत आला.

पदवीचंही असंच आहे. शिकवायला कोणालाही बंदी नाही. उद्या मी ओसरीवर इतिहासाचे वर्ग घेतले आणि शेवटी छापील प्रमाणपत्र दिलं, तर कायदा आड येणार नाही. मात्र त्या कागदावर 'बी. ए.' लिहिलं की गोष्ट बदलते. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार तिघांनाच आहे: केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्यानं स्थापन झालेलं विद्यापीठ, केंद्र सरकारनं 'अभिमत विद्यापीठ' म्हणून जाहीर केलेली संस्था, आणि संसदेनं खास कायदा करून अधिकार दिलेली संस्था. कलम २३ सांगतं, की असा आधार नसताना नावात 'विद्यापीठ' हा शब्दही लावायचा नाही.

हे मोडल्याची शिक्षा त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे: एक हजार रुपयांपर्यंत दंड. १९५६ साली ती रक्कम मोठी असेल. आज एका परीक्षेची फीसुद्धा त्याहून जास्त असते. माझ्या मते या सगळ्या दुखण्याचं एक मूळ इथंच आहे.

म्हणजे पदवी देण्याचा अधिकार हे विधिमंडळानं दिलेलं मुखत्यारपत्र आहे. विद्यापीठ ते वापरतं, पण मालक होत नाही.

गोव्यातल्या घरात सापडणारे कागद

आपल्याकडे हे समजायला कपाट उघडलं तरी पुरे. १९६१ च्या मुक्तीनंतर लगेच, १९६२ मध्ये, पणजीचं धेंपे आणि मडगावचं चौगुले ही महाविद्यालयं सुरू झाली. ज्यांनी तिथं शिकून सत्तरच्या दशकात पदवी घेतली त्यांच्या प्रमाणपत्रावर नाव आहे मुंबई विद्यापीठाचं. आयुष्यात मुंबईला वर्गात न बसलेले शेकडो गोंयकार मुंबईचे पदवीधर आहेत. कारण शिकवणारं महाविद्यालय गोव्यात असलं, तरी सही करण्याचा अधिकार मुंबईकडे होता. मग गोवा विधिमंडळानं १९८४ चा गोवा विद्यापीठ कायदा केला, जून १९८५ पासून विद्यापीठ सुरू झालं, आणि तीच महाविद्यालयं, तेच फळे, तेच प्राध्यापक असताना प्रमाणपत्रावरचं नाव बदललं.

आज चौगुले महाविद्यालय स्वायत्त आहे. अभ्यासक्रम ते ठरवतं, परीक्षा ते घेतं. पदवी मात्र गोवा विद्यापीठाची. स्वायत्तता आणि पदवीचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे माझ्या टेबलावर मी कितीतरी पालकांना समजावलं असेल.

फर्मागुडीत सुरू झालेली आयआयटी आणि आता कुंकळ्ळीला गेलेली एनआयटी या दोन्हींचा अधिकार संसदेच्या कायद्यातून येतो. झुआरीनगरचं बिट्स हे पिलानीच्या अभिमत विद्यापीठाचं संकुल आहे. पिलानीला तो दर्जा १९६४ मध्ये मिळाला, गोव्याचं संकुल २००४ चं. आणि साखळीजवळची गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट ज्या अभ्यासक्रमासाठी ओळखली जाते तो पदव्युत्तर पदविकेचा आहे. पदविका हा शब्द इथं महत्त्वाचा. तिचा अर्थ शिक्षण कमी दर्जाचं असा बिलकुल नाही. देशातली आयआयएम कित्येक दशकं पदविकाच देत होती, कारण कायद्याच्या दृष्टीनं त्या विद्यापीठं नव्हत्या. २०१७ चा आयआयएम कायदा जानेवारी २०१८ च्या अखेरीस लागू झाला, तेव्हा कुठं त्यांना पदवी देता येऊ लागली. अहमदाबादच्या दर्जाबद्दल त्याआधी कोणाला शंका होती? दर्जा होता, अधिकार नव्हता. उलट अधिकार आहे आणि दर्जा नाही, अशा संस्थाही असतात. वाद बहुतेक वेळा तिथूनच पेटतो.

मुखत्यारपत्रच कच्चं निघालं तेव्हा

खाजगी विद्यापीठ राज्याच्या कायद्यानं जन्माला येतं. एखादा न्यास किंवा संस्था पुढे येते, जमीन आणि ठेव दाखवते, राज्य सरकार विधेयक आणतं, विधानसभा ते मंजूर करते. राज्यघटनेनं विद्यापीठ स्थापन करण्याचा विषय राज्यांना दिला आहे. उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवण्याचा विषय मात्र केंद्राकडे ठेवला आहे. एका घराला दोन चाव्या, दोघांकडे एकेक.

छत्तीसगडनं २००२ मध्ये एक सोपी वाट काढली. प्रत्येक विद्यापीठासाठी वेगळा कायदा करण्याऐवजी एकच कायदा केला, आणि प्रकल्प अहवाल पाहून सरकारनं राजपत्रात अधिसूचना काढली की विद्यापीठ तयार. थोड्या काळात ११२ विद्यापीठं झाली. कित्येकांकडे इमारत, ग्रंथालय, प्रयोगशाळा यांतलं काहीच नव्हतं. पाटी होती आणि पदवी देण्याचा अधिकार होता. आयोगाचे माजी अध्यक्ष आणि वैज्ञानिक प्रा. यश पाल हे पाहून स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले. ११ फेब्रुवारी २००५ रोजी न्यायालयानं त्या कायद्यातली विद्यापीठं स्थापन करणारी कलमंच घटनाबाह्य ठरवली, आणि त्या कलमांवर उभी राहिलेली विद्यापीठं एका दिवसात कायद्याच्या दृष्टीनं नाहीशी झाली. निकालाचा गाभा साधा होता: आधी प्रत्यक्ष विद्यापीठ हवं, मग पदवीचा अधिकार. कागदावरच्या विद्यापीठाला अधिकार दिला तर देशभरच्या दर्जाचं काय होणार?

सही करणारा माणूस चुकला तेव्हा

आता मेघालय. सीएमजे विद्यापीठ २००९ मध्ये राज्याच्या रीतसर कायद्यानं स्थापन झालं. इथं मुखत्यारपत्र खरं होतं. गडबड पुढं झाली.

खाजगी विद्यापीठांच्या कायद्यांत राज्यपालांना बहुधा 'व्हिजिटर' म्हणतात, म्हणजे वरून देखरेख करणारे. सीएमजेच्या कायद्यात लिहिलं होतं, की कुलपतींची नेमणूक विद्यापीठ काढणारी संस्था करील, पण व्हिजिटरच्या मंजुरीनं. संस्थेनं कुलपती नेमले, मंजुरी आली नाही, तरी कारभार सुरू राहिला आणि पदव्या वाटल्या गेल्या. संस्थेचं म्हणणं पडलं, की आम्ही कळवलं होतं, उत्तर आलं नाही, म्हणजे मंजुरी मिळाल्यासारखंच आहे.

पंचायतीत घरदुरुस्तीचा अर्ज टाकला, उत्तर आलं नाही, म्हणून परवाना मिळाला असं समजून कोणी मजला चढवला तर काय होईल? ठरावीक दिवसांत उत्तर न दिल्यास मंजुरी समजावी असं कायद्यातच लिहिलं असेल तर भाग वेगळा. तसं लिहिलेलं नसेल, तर मौन म्हणजे होकार नव्हे.

यात एक आकडा सगळ्यांच्या डोळ्यांवर आला. २०१२–१३ या एकाच वर्षात या विद्यापीठानं ४३४ जणांना पीएच. डी. दिली होती. ज्यांनी पीएच. डी. केली आहे किंवा घरात कोणाला करताना पाहिलं आहे, त्यांना हा आकडा समजावून सांगावा लागणार नाही. एक मार्गदर्शक एका वेळी मोजकेच विद्यार्थी घेऊ शकतो, चार-पाच वर्षं सहज जातात. विद्यापीठानं वाटलेल्या पदव्या परत घेण्याचे आदेश राज्यपालांनी एप्रिल २०१३ मध्ये दिले. ३१ मार्च २०१४ ला राज्य सरकारनं विद्यापीठ विसर्जित केलं. प्रकरण न्यायालयात गेलं, आणि सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२५ मध्ये विसर्जन कायम केलं. कुलपतींची नेमणूकच वैध नव्हती, गृहीत धरलेली मंजुरी कायद्यात बसत नाही, हा त्यातला एक मुख्य मुद्दा.

विसर्जन ते अंतिम निकाल, जवळजवळ अकरा वर्षं. एकवीस वर्षांचा पदवीधर एवढ्यात बत्तीस वर्षांचा होतो.

"पण कायदा सरकारनंच केला होता ना?"

शेजाऱ्यांचा पुढचा प्रश्न हाच. विधानसभेनं मान्यता दिली म्हणजे सरकार जामीन राहिलं, असा लोकांचा समज असतो. तसं नाही. वाहतूक खात्यानं बसला परमिट दिलं म्हणजे ड्रायव्हर दारू पिऊन चालवणार नाही याची हमी दिली असं होत नाही. परमिट देणाऱ्यालाच ते काढून घेण्याचा अधिकार असतो, आणि खाजगी विद्यापीठांच्या बहुतेक कायद्यांत विसर्जनाचं कलम पहिल्या दिवसापासून असतं.

तरी सरकारला यातून मोकळं सोडायला मी तयार नाही. परमिट दिल्यावर रस्त्यावर तपासणी करणं हे खात्याचंच काम आहे. पहिली तुकडी बसते तेव्हाच कुलपतींची नेमणूक, प्राध्यापकांची संख्या, पीएच. डी.ची नोंदणी तपासली असती, तर चारशेवर माणसं त्या फेऱ्यात अडकली नसती.

"सरकारनं आकसानं केलं तर?"

हेही घडू शकतं. सत्ता बदलते, संस्थाचालक एका पक्षाच्या जवळचे असतात, जमिनीवर कोणाचा डोळा असतो. म्हणून सरकारला एका फटक्यात विद्यापीठ बंद करता येत नाही. आरोप लेखी द्यावे लागतात, उत्तर द्यायला मुदत द्यावी लागते, म्हणणं ऐकावं लागतं, कारणांसह आदेश काढावा लागतो. यातली एक पायरी जरी चुकली तरी न्यायालय आदेश रद्द करू शकतं. म्हणून अशा वादाची बातमी वाचताना मी आधी पाहतो, की भांडण कार्यपद्धतीचं आहे की अधिकाराचं. कार्यपद्धतीचं असेल तर विद्यापीठ टिकण्याची शक्यता असते. मूळ अधिकारालाच छिद्र असेल, तर स्थगिती मिळाल्याच्या जाहिरातीवर विसंबून पोरीला तिथं पाठवू नये. स्थगिती म्हणजे निकाल नव्हे.

म्हापशाचं परमिट, सावंतवाडीची फेरी

तिसरा प्रकार, अधिकाराच्या हद्दीबाहेर जाण्याचा, आपल्या गोव्यात जास्त भेटतो. पणजी–म्हापसा परमिटाची बस मालकानं परस्पर सावंतवाडीला नेली तर बस खरी, परमिट खरं, फेरी मात्र बेकायदा. आत बसलेल्या प्रवाशाला विम्याची वेळ आली की ते कळतं.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २००३ च्या नियमांनुसार राज्याच्या कायद्यानं झालेलं खाजगी विद्यापीठ स्वतःच्या परिसरात शिकवतं. त्याला महाविद्यालयं संलग्न करून घेता येत नाहीत. तेव्हा दूरच्या राज्यातल्या खाजगी विद्यापीठाचं 'अभ्यास केंद्र' मडगावच्या एखाद्या गाळ्यात दिसलं, तर पहिला प्रश्न हा, की ही फेरी परमिटात बसते का.

अभ्यासक्रमाचंही तसंच. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्यानं ट्रक चालवू नये. वकिली, परिचर्या, औषधनिर्माण, बी. एड., वैद्यक यांना आपापल्या नियामक परिषदा आहेत. विद्यापीठ खरं असून त्या परिषदेची मान्यता नसेल, तर पदवी हातात येते पण सनद किंवा नोंदणी मिळत नाही. अभियांत्रिकीत काय झालं ते ३ नोव्हेंबर २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात दिसतं. काही अभिमत विद्यापीठांनी आवश्यक मंजुरीविना दूरशिक्षणानं अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. विद्यापीठं अस्तित्वात होती, सही करणारेही रीतसर होते. पण मुखत्यारपत्र म्हापशाच्या घराचं, विकली शिवोलीची बाग.

"यात पोरांचा काय दोष?"

हे विचारताना शेजाऱ्यांचा आवाज चढला, आणि माझ्याकडे त्यावर समाधान होईल असं उत्तर नव्हतं. न्यायालयानं यातल्या दोन प्रकरणांत विद्यार्थ्यांचा विचार केला, पण वेगवेगळा. छत्तीसगडच्या निकालात चालू विद्यार्थ्यांना राज्यातल्या असलेल्या विद्यापीठांशी जोडून घेऊन वाचवण्याचा मार्ग सांगितला. २०१७ मध्ये २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना तांत्रिक शिक्षण परिषदेची परीक्षा देण्याची संधी दिली. उत्तीर्ण झाले तर पदवी जिवंत. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या सरळ रद्द झाल्या. विचार करा, नोकरीला लागून दहा-बारा वर्षं झालेला माणूस, घराचं कर्ज, मुलं शाळेत, आणि पुन्हा परीक्षेच्या बाकावर.

माझ्या टेबलावरचीच एक आठवण. सत्तरी तालुक्यातला एक मुलगा राज्याबाहेरून बी. एड. करून आला होता, शिक्षकभरतीच्या छाननीत कागद अडला. विद्यापीठाला लिहिलेल्या तीन पत्रांना उत्तर आलं नाही. तो दर आठवड्याला बसनं यायचा, विचारायचा, जायचा. त्याची फी आईच्या बांगड्यांतून गेली होती, हे त्यानं सांगितलं नव्हतं. त्याच्या गावच्या माणसाकडून कळलं. त्या मुलानं अभ्यास केला होता, पाठ घेतले होते, परीक्षा दिली होती. त्याच्या हातून कोणतीच चूक झाली नव्हती. न्यायालय म्हणतं, सहानुभूतीपोटी अधिकार निर्माण करता येत नाही, आणि कायद्याच्या दृष्टीनं ते पटतं. पण मग दंड हजार रुपयांचा आणि भोगायचं पोरानं, ही विभागणी कोणत्या न्यायात बसते? संस्थेनं स्थापनेच्या वेळी ठेवलेली कायम ठेव अशा विद्यार्थ्यांची फी व्याजासह परत करायला आधी वापरावी, असं कायद्यातच स्पष्ट हवं, हे माझं ठाम मत आहे.

"नॅकची श्रेणी आहे, यादीत नाव आहे"

नॅक ही उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणारी परिषद; ती दर्जा मोजते, पदवीचा अधिकार देत नाही. यूजीसीच्या यादीत नाव असणं आवश्यक आहे, पण त्यातून मिळतं एवढंच उत्तर, की विद्यापीठ कायद्यानं अस्तित्वात आहे. कुठल्या परिसरात, कुठला अभ्यासक्रम, हे वेगळं पाहायचं. माहितीपत्रकांत '२(एफ)' आणि '१२(बी)' असे आकडे ठळक छापतात. पहिल्याचा अर्थ कायद्यातल्या विद्यापीठाच्या व्याख्येत बसणं, दुसऱ्याचा केंद्राचं अनुदान मिळायला पात्र असणं. डिजिलॉकरमध्ये प्रमाणपत्र दिसणं ही सोय चांगली, पण तिथं कागद चढवते संस्थाच.

हे सगळं येत्या काळात अधिक गुंतागुंतीचं होणार आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्यानं संपवून महाविद्यालयांनाच पदवी देण्याचा अधिकार देण्याची दिशा आहे. म्हणजे उद्या ताळगावच्या पठारावरच्या गोवा विद्यापीठातून येणारी एकच सही नसेल, गोव्यातच निरनिराळ्या सह्या असतील. तेव्हा प्रत्येक सहीच्या मागचा कायदा पाहण्याची सवय आपल्याला लावून घ्यावी लागेल.

त्या मुलीनं काय केलं

आम्ही तिघांनी बसून विद्यापीठाला पाठवायचं पत्र लिहिलं. तुमचा कायदा कोणता, कोणत्या सालचा, राजपत्राची प्रत द्या. हा परिसर त्या कायद्यात आहे का. या अभ्यासक्रमाला परिषदेची मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे. कुलपती आणि कुलगुरूंच्या नेमणुकीचा आदेश केव्हाचा. राज्य सरकार किंवा यूजीसीशी न्यायालयात काही प्रकरण प्रलंबित आहे का. फोनवर विचारायचं नाही, ईमेलवर विचारायचं, म्हणजे उत्तर लेखी राहतं. प्रवेश आधीच झालेला असेल त्यांनीही हेच विचारावं, आणि फीच्या पावत्या, हजेरी, गुणपत्रिका जपून ठेवाव्यात. पुढं दुसऱ्या विद्यापीठात सामावून घेण्याची वेळ आली तर तेच कागद लागतात.

चार दिवसांनी उत्तर आलं. कायद्याची प्रत आली, परिसराचा प्रश्न सुटला, नेमणुकीचे आदेशही जोडले होते. परिषदेच्या मान्यतेपुढं 'नूतनीकरण प्रक्रियेत आहे' एवढंच लिहिलं होतं. वडिलांनी विचारलं, भरू का पैसे? मुलगीच म्हणाली, "नको बाबा, नूतनीकरणाचं पत्र आल्यावर बघू." तोवर तिनं गोवा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयाचा अर्ज भरून ठेवला आहे.